मंगळवारी तेल नाही

दारावर पाटी लावली: मंगळवारी तेल नाही.
खाली बारीक अक्षरात, कपडे सैल घालून यावे.
लुनेनबर्गमध्ये अशी पाटी चार दिवस पुरते.
बेकरीतल्या व्हर्नाने विचारलं, तेल महागलं का गं?

एकोणीस वर्षं माझे हात निसरडे होते.
बदामाचं तेल, कोपरापर्यंत.
मानेवरून कंबरेला एका दमात उतरायचे,
मोटार गावातून भर्रकन जावी
आणि म्हणावं, गाव पाहिलं.

मग हॅलिफॅक्स, चर्चचं तळघर, सहा शनिवार-रविवार.
हात्सुए नाकागोमी, वय एकाहत्तर, माझ्या खांद्याला लागेल एवढी.
पहिल्या दिवशी तिने माझे हात साबणाने धुवायला लावले,
दोनदा. मग हुंगले.
म्हणाली, आता यांना थांबायला शिकव.

अंगठा ठेवायचा.
कोपर सरळ, पोट सैल,
मागून आपलं वजन आपल्या पायांनी चालत येऊ द्यायचं.
आणि श्वास मोजायचा तो त्याचा.
मी दाबत होते. वर्गातल्या नऊ जणांत सगळ्यात जास्त मीच.
ती मनगटावर टिचकी मारायची: जोर. पुन्हा जोर.
जोर लावणाऱ्याला ऐकू येत नाही.

परत आले, टेबल भिंतीला लावलं.
जमिनीवर गादी, गुडघ्यांखाली जुन्या स्वेटरच्या घड्या.
विमा कंपनीने कळवलं, या नावाचा उपचार यादीत नाही.
माझ्या गुडघ्यांनीही साधारण तेच कळवलं.

पहिल्या मंगळवारी कोणी नाही.
दुसऱ्या मंगळवारी व्हर्ना. तासभर बोलली,
पाय गार पडतात म्हणाली, गेली.
तिसऱ्याला ऑरिन निकल.
लॉबस्टरचे छत्तीस हंगाम, उजवा खांदा कानाला चिकटलेला.
टेबल कुठाय?
भिंतीला.
जमिनीवर मासे टाकतात, मार्लिस. आणि बुडून सापडलेले.
तरी बूट काढले. एका मोज्याला भोक.

पालथा झाला, पण अंग टाकलं नाही त्याने.
सगळं शरीर गादीपासून केसभर वर धरलेलं,
खोली आत्ता एका बाजूला कलेल म्हणून.
खवाट्याच्या कडेने मी ती रेघ शोधली,
अंगठा ठेवला. खांद्याने अंग चोरलं.
पुन्हा ठेवला. पुन्हा चोरलं.

गादीत तोंड खुपसूनच तो म्हणाला,
तू हाताने ओढतेयस.
ओढत नाहीये, दाबतेय.
तेच ते. बोटीवर नवा पोरगा येतो तो असाच.
हाताने दोर ओढतो आणि दुपारी रडतो.
दोर फक्त धरायचा. मागे व्हायचं.
बाकीचं तुझं वजन बघून घेतं.

मी काही बोलले नाही.
साडेसहाशे डॉलर भरले होते मी,
आणि हे इथेच होतं, धक्क्यापासून तीन घरं वर,
डिझेलचा वास येणाऱ्या लोकरी शर्टात.

अंगठा ठेवला. धरला फक्त. पुढे झाले.
एक श्वास, काही नाही.
चार, पाच, काही नाही, आणि माझा उजवा पाय बधिर.
कितव्या श्वासाला ते सांगता येत नाही,
भरती चढली की धक्क्याचा दोर सैल पडतो,
कोणी सोडत नाही, तरी पडतो,
तसं त्या खांद्याखाली झालं.
तो झोपला नाही. घोरला नाही.
गादी जड झाली, एवढंच.

उठला तेव्हा खांदा बोटभर उतरला होता. बोटभरच.
बरं वाटलं?
गार लागलं, म्हणाला. खाली काहीतरी जाड घाल.
दारात थांबून पाटी वाचली,
पुढच्या मंगळवारीही नाही ना तेल?

सवयीने मी बेसिनपाशी गेले, नळ सोडला.
मग आठवलं, धुण्यासारखं काही नव्हतं.
अंगठ्यावर त्याच्या शर्टाची वीण उमटली होती,
उलट सुलट, उलट सुलट,
आणि एका जागी सुटलेला टाका.